दोन तासांच्या फ्लाइटमध्ये पायलटच्या वाट्याला किती येतात? बाग गहाण टाकण्याआधी हा हिशोब बघा

दादा, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडते म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. मुलगा बारावी सायन्सला आहे, पायलट व्हायचं म्हणतो, एका ठिकाणी सगळं मिळून कोटभर खर्च सांगितलाय आणि त्यासाठी नाशिकजवळची द्राक्षबाग बँकेकडे तारण ठेवावी लागेल. एकीकडे ऐकता की कॅप्टनला महिन्याला सहा-सात लाख मिळतात, दुसरीकडे एक तरुण पायलट व्हिडिओत सांगतो की कर्जाचा हप्ता गेला की हातात काही उरत नाही. आणि तुम्ही स्वतः पुणे-दिल्ली साडेतीन हजारात गेलात तेव्हा वाटलं की एवढ्या स्वस्तात नेतात म्हणजे पायलटच्याच पगाराला कात्री लागत असणार.

सहा-सात लाख सांगणारे आणि तो तरुण पायलट, दोघंही खरं बोलतायत. पण "पगार कमी की जास्त" हा तुमचा खरा प्रश्न नाहीये. शिकण्याचा खर्च, नोकरी लागेपर्यंतची वर्षं आणि धंदा मंदावला की होणारं नुकसान, हे सगळं कोण सोसणार, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हळूहळू "पायलट आणि त्याचे आईबाप" असं होऊन बसलंय.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी सुरुवात एटीआर ह्या छोट्या, पंख्याच्या विमानावर केली, आता एअरबस ए३२० वर कॅप्टन आहे आणि नवीन पोरापोरींच्या मुलाखतीला पॅनेलवरही बसते. त्यामुळे खाली जे आकडे देतेय ते ढोबळ आहेत, कंपनीप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतात, पण अंदाज यायला पुरेसे आहेत.

आधी ते स्वस्त तिकिटाचं बघू, कारण तिथे जवळजवळ सगळ्यांचाच गैरसमज असतो. पुणे-दिल्ली साधारण दोन तास धरा. कॅप्टनला महिन्याला सहा लाख आणि तो सत्तर तास उडतो असं धरलं तर तासाला साडेआठ हजार होतात. शेजारी बसलेल्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकाला, दोन लाख दहा हजार धरले तर त्याचे तासाला तीन हजार. दोघांचे मिळून दोन तासांचे तेवीस हजार. विमानात एकशेसाठ लोक असतील तर प्रत्येकाच्या तिकिटात पायलटचा वाटा दीडशे रुपयांच्या आत येतो. सिम्युलेटर, हॉटेल, गाडी, सुट्ट्या, स्टँडबायचे दिवस हे सगळं धरून दुप्पट करा, तीनशे म्हणा. आता इंधन बघा. ए३२० निओ तासाला सव्वादोन टनांच्या आसपास इंधन खातं, म्हणजे जवळपास अठ्ठावीसशे लिटर, आणि विमानाचं इंधन लिटरला नव्वद रुपये धरलं तर तासाला अडीच लाख, दोन तासांचे पाच लाख. माणशी तीन हजारांच्या वर नुसतं इंधनच गेलं, अजून विमानाचं भाडं, मेंटेनन्स, विमानतळाचे पैसे, केबिन क्रू काहीच धरलं नाहीये. म्हणजे उद्या आम्ही दोघांनी फुकट विमान उडवलं तरी तुमचं तिकीट दोन-तीनशे रुपयांनीच उतरेल! तुम्हाला साडेतीन हजारात मिळालं ते तुमच्या मागच्या सीटवरच्या माणसाने आदल्या दिवशी नऊ हजारात काढलं म्हणून.

मग कंपन्या स्वस्त कशा देतात? कॅप्टन गोपीनाथांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली, नंतर २००५-०६ मध्ये स्पाइसजेट, गोएअर, इंडिगो आल्या, तेव्हापासून गणित तेच आहे. एकाच जातीची विमानं ठेवायची, विमान उतरलं की अर्ध्या तासात परत वर, दिवसाला बारा-तेरा तास हवेत ठेवायचं, जमिनीवर उभं असलेलं विमान म्हणजे निव्वळ तोटा. ह्या धंद्यात मोठे खर्च कंपनीच्या हातात नसतात. इंधनाचा भाव बाहेर ठरतो आणि ते जीएसटीत नसल्याने वर राज्याचा व्हॅट लागतो (आपल्याकडे २०२३ च्या बजेटमध्ये मुंबई, पुणे, रायगडसाठी तो २५ टक्क्यांवरून १८ वर आणला, तोपर्यंत बरीच राज्यं स्वस्त आणि आपण महाग असं होतं). विमानाचं भाडं डॉलरमध्ये, इंजिनाचे पार्ट डॉलरमध्ये. हातात राहतं काय तर माणसं. त्यातही कॅप्टनच्या पगाराला फार हात लावता येत नाही कारण तो उठून दुसरीकडे जातो नाहीतर सरळ आखातात जातो. त्यामुळे जो नवा आहे, ज्याला जायला दुसरी जागा नाही, त्याच्याकडे सगळं सरकतं. माझ्या मते सगळी गोष्ट इथे आहे.

सरकतं म्हणजे कसं ते सांगते. पूर्वी कंपनी तुम्हाला घ्यायची, टाइप रेटिंग म्हणजे त्या जातीचं विमान उडवायचं प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने द्यायची आणि बदल्यात काही वर्षांचा बाँड लिहून घ्यायची. आता बहुतेक ठिकाणी टाइप रेटिंगचे पंधरा-वीस लाख उमेदवारानेच भरायचे. त्याआधी दोनशे तास उडून कमर्शियल लायसन्स काढायचं त्याचे पन्नास-साठ लाख वेगळे. किंवा मग कंपनीचा कॅडेट प्रोग्राम, ज्यात सगळं एका छपराखाली, पण एक कोटीच्या वर. म्हणजे ज्या कौशल्यावर कंपनी चालते ते कौशल्य तयार करायचा खर्च कंपनीच्या वहीतून निघून तुमच्या सातबाऱ्यावर आला. आणि गंमत म्हणजे काही ठिकाणी हे सगळं भरूनसुद्धा बाँड असतोच.

आता कर्जाचं बघू. ऐंशी लाख कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षं, हप्ता येतो महिन्याला एक लाख दहा हजार. नवीन लागलेल्या ज्युनिअर फर्स्ट ऑफिसरला दीड लाखाच्या आसपास मिळतात, कुठे कमी कुठे थोडे जास्त. त्यात टॅक्स, त्यात दिल्ली-मुंबई-बंगळूरला बेस मिळाला तर भाडं. त्यामुळे तो व्हिडिओतला मुलगा खोटं बोलत नाहीये, त्याच्या हातात खरंच काही उरत नसणार, पहिली दोन-तीन वर्षं तरी.

आणि हा दीड लाख दर महिन्याला येतोच असंही नाही, हे घरच्यांना कोणी सांगत नाही. आमच्या पगारात एक फिक्स्ड भाग असतो आणि एक तासांवरचा. तास म्हणजे ब्लॉक टाइम, विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या ठिकाणी लागेपर्यंत. त्याआधीचं ब्रीफिंग, सेक्युरिटीच्या रांगा, धुक्यामुळे गेटवर तीन तास नुसतं बसणं, ह्याचे तास लागत नाहीत. कंपनी हमी देते की उडा न उडा, इतक्या तासांचे पैसे मिळतीलच. पूर्वी ही हमी सत्तर तासांची असायची, ती काही ठिकाणी चाळीसवर आणली. एप्रिल २०२४ मध्ये विस्तारा ह्या कंपनीची उड्डाणं धडाधड रद्द झाली ते आठवत असेल, ती कंपनी एअर इंडियात विलीन व्हायच्या आधी नवीन पगाररचना आली तेव्हाचंच, त्यात हीच सत्तरच्या जागी चाळीस तासांची हमी होती आणि सगळ्यात जास्त फटका फर्स्ट ऑफिसरना बसत होता. हिशोब करून बघा, वर धरलेलेच तासाला तीन हजार घ्या, सत्तर तासांचे दोन लाख दहा हजार, चाळीसचे एक लाख वीस हजार. हप्ता एक लाख दहा हजार. पावसाळ्यात मागणी कमी झाली, विमानं इंजिनासाठी उभी राहिली, तर तुमच्या मुलाकडे महिना काढायला दहा हजार राहतात, तेही टॅक्स न धरता. धंदा मंदावल्याचा धक्का आधी कंपनी घ्यायची, आता तो थेट पगाराच्या स्लिपवर येतो.

विमानं उभी राहणं ही काल्पनिक गोष्ट नाही हं. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमध्ये धातूचा दोष निघाला आणि निओ विमानं कितीतरी महिने जमिनीवर राहिली. गो फर्स्ट त्याच वर्षी मे महिन्यात बंद पडली. त्याआधी एप्रिल २०१९ मध्ये जेट, २०१२ मध्ये किंगफिशर, दोन्हीकडे बंद पडायच्या आधी कित्येक महिने पगार थकलेले. आणि २०२० चा लॉकडाऊन, दोन महिने देशातली प्रवासी उड्डाणं बंदच, नंतर पगारकपात, बिनपगारी रजा. बँकेने त्या काळात मोरॅटोरियम म्हणजे हप्ते थांबवायची सवलत दिली पण व्याज चालूच होतं. माझा स्वतःचा पगार पूर्ववत व्हायला खूप वेळ लागला आणि मी तर तेव्हा कॅप्टन होते, ज्यांचं कर्ज नुकतंच सुरू झालेलं त्यांचं काय झालं असेल विचार करा.

छोट्या कंपन्यांचा वेगळाच ताप. आपल्याकडे एप्रिल २०१७ मध्ये उडान योजनेतली पहिली उड्डाणं सुरू झाली त्यात नांदेड-हैदराबाद होतं, तासाभराच्या प्रवासाला अर्ध्या सीटवर अडीच हजारांची मर्यादा, बाकीची तूट सरकार काही काळ भरून देणार. चांगली योजना, मराठवाड्यातल्या माणसाला विमान दिसलं. पण तो मार्ग चालवणारी ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली. अशा कंपनीत एटीआरवर लागलेल्या पोरांचं काय होतं सांगते, त्यांच्याकडे अनुभव असतो पण एटीआरचा, एअरबसवर जायचं तर पुन्हा टाइप रेटिंग, पुन्हा पंधरा लाख. मीही ही उडी मारलीये म्हणून सांगते, एटीआरवर हात चांगला बसतो, विमान शिकवतं भरपूर, पण दोनदा पैसे भरायची तयारी असेल तरच तो रस्ता.

आता तुम्ही म्हणाल बातम्यांत तर येतं की भारतात पायलट कमी आहेत, एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानं आणि इंडिगोने ५०० विमानं मागवली. बरोबर आहे, पण टंचाई कॅप्टनची आहे. नवीन लायसन्सवाल्यांची नाही. २०२३ या एकाच वर्षात डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, सोळाशेच्या वर कमर्शियल लायसन्स दिली. आणि विमानं मागवली म्हणजे उद्या येणार असं नाही, ती दहा वर्षांत हळूहळू येतात, तीही उशिरा. एस. टी. स्टँडवर गाडी येते एक आणि चढायला तीन गाड्यांची माणसं, तसं आहे ते, दाराशी जो आहे तो भाव करत नाही, मिळेल तिथे लटकतो. लायसन्स हातात येऊन एक-दोन वर्षं घरी बसलेली मुलं माझ्या पॅनेलसमोर नेहमी येतात, हुशार असतात, फक्त ज्या वर्षी त्यांचं लायसन्स आलं ते वर्ष वाईट होतं. ऐंशी लाखांवर नुसतं व्याज वर्षाला आठ लाख ऐंशी हजार होतं, हे घरी बसून. वर लायसन्स आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर दिसत नसताना उपकरणांवर उडवायची परवानगी) चालू ठेवायचा खर्च.

आणि ह्यातून पुढे कॅप्टन व्हायला किती वर्षं? एटीपीएलला, म्हणजे कॅप्टनला लागणाऱ्या लायसन्सला, किमान पंधराशे तास लागतात, कंपन्या त्याच्या वर अजून मागतात, वर्षाला हजार तासांच्या पुढे उडता येत नाही. कंपनी वाढत असेल तर पाच-सहा वर्षं, थांबलेली असेल तर दहाही. तोपर्यंत सगळं सीनिऑरिटीवर. आमच्यात दुसऱ्या कंपनीत गेलं की तुमचा नंबर पुन्हा शेवटी लागतो, इंजिनिअरसारखं नोकरी बदलून तीस टक्के वाढवून घेता येत नाही. शिवाय सोडायचं तर डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष नोटीस. २०२३ मध्ये आकासा एअरचे काही पायलट नोटीस न भरता गेले तर कंपनी मुंबई हायकोर्टात गेली होती. युनियन म्हणाल तर खाजगी कंपन्यांत जवळपास नाहीच. २००९ मध्ये जेटच्या पायलटांनी संघटना काढायचा प्रयत्न केला, दोघांना काढलं, बाकीचे एकदम सिक झाले आणि पाच दिवस मुंबईपासून सगळीकडे गोंधळ, बस, त्यानंतर कोणी फारसं नाव काढलं नाही.

अमेरिकेचं उदाहरण द्यायचा मोह होतो कारण तिथे हेच सगळं आपल्या आधी घडून गेलंय. १९७८ मध्ये तिथे भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, तिकिटं स्वस्त झाली, आणि मोठ्या कंपन्यांनी छोटे मार्ग रीजनल कंपन्यांना ठेक्याने दिले. विमानावर रंग मोठ्या कंपनीचा, आतला पायलट ठेकेदाराचा. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, पन्नास माणसं गेली. चौकशीत निघालं की त्या फ्लाइटची फर्स्ट ऑफिसर वर्षाला वीस हजार डॉलरच्या आसपास कमवत होती, सिएटलजवळ आईवडिलांकडे राहायची आणि ड्युटीसाठी रात्रभर प्रवास करून न्यूअर्कला आलेली. हडसन नदीत विमान उतरवणारे कॅप्टन सलेनबर्गर त्याच महिन्यात अमेरिकन संसदेपुढे सांगत होते की आपला पगार चाळीस टक्के कापला गेलाय आणि पेन्शन गेलंय. देश ज्याला हीरो म्हणत होता त्याची ही अवस्था! मग कायदा बदलला, २०१३ पासून तिथे फर्स्ट ऑफिसरलाही पंधराशे तास सक्तीचे झाले. वर कोविडमध्ये कंपन्यांनी सीनिअर लोकांना लवकर रिटायर केलेलं. मग २०२२ मध्ये नव्या पायलटांची इतकी चणचण झाली की त्याच रीजनल कंपन्यांनी सुरुवातीचा पगार तासाला नव्वद डॉलरपर्यंत नेला, आणि २०२३ मध्ये डेल्टा ह्या मोठ्या कंपनीच्या पायलटांना चार वर्षांत चौतीस टक्के वाढीचा करार मिळाला. तिकडचे कॅप्टन तेच, विमानं तीच, फक्त दाराशी उभ्या असलेल्यांची गर्दी कमी झाली. आपल्याकडे दोनशे तासांवर माणूस उजव्या, म्हणजे फर्स्ट ऑफिसरच्या सीटवर बसतो, त्यामुळे गर्दी कमी व्हायची शक्यता नजीकच्या काळात मला दिसत नाही. पंधराशेचा नियम इथे आणावा असंही माझं मत नाही, तेवढे तास उडवायला आपल्याकडे छोटी विमानं आणि छोटे विमानतळ आहेत कुठे? पोरांचं कर्ज तेवढं अजून वाढेल.

थोडं विषयांतर, पण तुम्ही प्रवासी पण आहात म्हणून. पगार तासावर असला की माणूस दमलोय म्हणून सांगायला कचरतो. हप्ता आहे, तास कमी झाले तर पैसे कमी, आणि फटीग रिपोर्ट फार वेळा टाकला की नाव लक्षात राहतं. पहाटे अडीचचा अलार्म, चार लँडिंग, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असं तीन दिवस केलं की चौथ्या दिवशी अप्रोचवर साधा कॉल ऐकू येऊनही डोक्यात शिरायला वेळ लागतो. डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये नियम सुधारले, आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंग सहाऐवजी दोन. ते लांबत लांबत जुलै आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली कारण नवीन नियमात बसतील एवढे पायलट रोस्टरवर नव्हतेच. मग रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूटही मिळाली. विमानतळावर लोक पायलटांच्या नावाने ओरडत होते. पण माणसं मोजूनमापून ठेवायची हा कंपनीचा निर्णय असतो, आम्ही नाही ठरवत. स्वस्त तिकिटात पायलटचा पगार दीडशे रुपये असतो असं वर म्हटलं ना, त्यात जास्तीचे पायलट ठेवायचे म्हटले तरी तिकिटामागे चाळीस-पन्नास रुपये वाढतील. तेवढे वाचवायला हे सगळं.

आता उलट बाजू, नाहीतर तुम्हाला वाटेल मी घाबरवायलाच बसलेय. डाव्या सीटवर पोचलेल्या, म्हणजे कॅप्टन झालेल्या माणसाचं उत्पन्न खरंच चांगलं आहे. सात लाख महिना म्हणजे वर्षाला चौऱ्याऐंशी लाख, त्यावर पन्नास लाखांच्या वरचा सरचार्ज धरून टॅक्स कापला तरी हातात भरपूर राहतं. पासष्ट वर्षांपर्यंत उडता येतं, मेडिकल टिकलं तर. काम मला अजून आवडतं. पण तुमच्या मुलाला त्या सीटपर्यंत पोचवणारी दहा वर्षं तुम्ही फायनान्स करणार आहात, आणि सात लाख हा आकडा दाखवून तुमच्याकडून पैसे मागितले जातायत, दीड लाखाचा आकडा दाखवून नाही.

मग बाग तारण ठेवावी का? हे तीन-चार गोष्टींवर अवलंबून आहे ज्या मला माहीत नाहीत: बाग हे घराचं एकमेव उत्पन्न आहे का, घरात दुसरा कमावता आहे का, अजून मुलं शिकायची आहेत का. बाग एकच आधार असेल तर माझं स्पष्ट मत नको. दुसरं उत्पन्न असेल आणि कोर्स संपल्यावर दोन वर्षं नोकरी लागली नाही तरी व्याज भरता येईल, म्हणजे सतरा-अठरा लाख बाजूला ठेवता येत असतील, तर विचार करा. हे पैसे कोर्सच्या खर्चाव्यतिरिक्त हवेत. जे अडकतात ते बहुतेक वेळा ह्याच टप्प्यावर, फ्लाइंग करताना नाही.

आणि एक रुपया भरायच्या आधी मुलाचं मेडिकल करून घ्या. आधी क्लास टू, मग क्लास वन, डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे. काही हजारांत होतं. रंग ओळखण्यात अडचण किंवा कानाचा, हृदयाचा काही प्रॉब्लेम तिथेच कळतो. कोर्सची फी भरून मग मेडिकलमध्ये अडकलेली मुलं मी बघितलीत. मग त्याला घरी अभ्यास करून डीजीसीएचे पेपर देऊ द्या, नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन, पास व्हायला सत्तर टक्के लागतात. सहा-आठ महिन्यांत त्याने हे पेपर काढले तर पोरगं गंभीर आहे असं समजा, आणि नाही निघाले तर तुमचे कोटभर वाचले.

फ्लाइंग महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे इथे होतं, बाहेर अमेठीजवळ इग्रुआ ही सरकारी फ्लाइंग अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षा असते. कुठेही गेलात तरी ऑफिसमध्ये बसून ब्रोशर बघू नका, तिथे आत्ता शिकत असलेल्या मुलांना टपरीवर गाठा आणि विचारा की महिन्याला किती तास उडायला मिळतात, किती विमानं खरंच चालू आहेत, दोनशे तास पूर्ण व्हायला मागच्या बॅचला किती वेळ लागला. दीड वर्षाचा कोर्स तीन वर्षं चालतो तेव्हा व्याज तुमचंच वाढतं. २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलची क्रमवारी पण काढतं, ती बघा. साध्या मार्गाचा एक फायदा असा की पैसे टप्प्याटप्प्याने जातात, मध्ये थांबता येतं, काही झालं तर सगळं बुडत नाही. कॅडेट प्रोग्राममध्ये नोकरीची शक्यता जास्त, पण पैसे आधी आणि थांबायची सोय कमी. हातात रोख नसलेल्या घरासाठी मी पहिला मार्ग सुचवते, माझे काही सहकारी बरोबर उलटं सांगतील, त्यांचंही म्हणणं अगदी चुकीचं नाही.

एनडीए किंवा नंतर एफकॅट ह्या प्रवेश परीक्षेतून हवाई दल हा रस्ता मुलाला विचारून तरी बघा. शिकवायचा खर्च सरकारचा, पगार पहिल्यापासून, बांधिलकी मात्र बरीच वर्षांची आणि त्याला सैन्याचं आयुष्य आवडायला हवं, फक्त विमान आवडून भागत नाही.

तरीही कॅडेट प्रोग्रामच घ्यायचा ठरला तर सही करायच्या आधी त्यांच्याकडून हे लेखी घ्या: सांगितलेल्या रकमेत टाइप रेटिंग, राहणं आणि परदेशातले फ्लाइंगचे तास धरलेत का, डॉलर वाढला तर फरक कोणाचा. मुलगा मध्ये मेडिकलमध्ये अनफिट झाला तर किती परत. कोर्स संपल्यावर नोकरीचं पत्र पक्कं आहे की "कंपनीच्या गरजेनुसार", आणि रुजू व्हायला उशीर झाला तर त्या महिन्यांत काही मिळतं का. सुरुवातीच्या पगारात हमीचे तास किती. बाँड किती वर्षांचा आणि कंपनी बंद पडली तर बाँडचं काय. ह्यातला दुसरा आणि तिसरा मुद्दा तोंडी सांगून टाळायला बघतात, तिथे हटून बसा, आणि ते कागद घेऊन तालुक्यातल्या एखाद्या वकिलाला दोन तास बसवा. बँकेकडेही एक विचारा, मोरॅटोरियम कोर्स संपल्यापासून किती महिने आहे आणि त्या काळातलं व्याज मुद्दलात चढतं का. कॅडेटच्या करारातली तारीख आणि बँकेच्या कागदातली तारीख जुळत नसेल तर सही थांबवा.